संकटाच्या काळात बायबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजारपण, घरातला मृत्यू, गेलेली नोकरी, मोडलेलं नातं, किंवा कारणच न सापडणारं मळभ. अशा वेळी माणूस बायबल उघडतो आणि उघडताना मनात प्रश्नांची रांग असते. बायबल अभ्यासाच्या गटात, आजाऱ्याच्या उशाशी आणि स्मशानातून परतताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

बायबल कुठून वाचायला घेऊ? उत्पत्तीपासून सुरू केलं आणि लेवीयात येऊन अडकलो.

तिथे बहुतेक सगळेच अडकतात, त्यात तुमचा दोष नाही. अर्पणांचे आणि शुद्धीकरणाचे नियम दवाखान्याच्या बाकावर बसून वाचायचे नसतात.

संकटात असाल तर स्तोत्रसंहितेपासून सुरुवात करा. बायबलच्या इतर पुस्तकांत बहुतेक वेळा देव माणसाशी बोलतो, तर इथे माणूस देवाशी बोलतो. एकूण स्तोत्रं १५०. पहिल्यांदा १३वं घ्या. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. मग ४२, ४६, १२१, १३०. रोज सकाळी एक आणि झोपताना एक इतकं पुरतं. एखादं स्तोत्र मनाला धरून बसलं तर आठवडाभर तेच वाचत राहा, पुढे जायची घाई नाही.

येशूकडे वळायचं असेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान आहे, १६ अध्याय. तिथला येशू सतत चाललेला असतो आणि वाटेत त्याला भेटणारी बहुतेक माणसं अडचणीतलीच असतात.

देवावर राग आला आहे. तसं बोलणं पाप आहे का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, आजूबाजूला बघून. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

बायबलमध्ये देवाशी भांडणारी माणसं कमी नाहीत. यिर्मया संदेष्टा त्याला तोंडावर म्हणतो की तू मला फसवलंस (यिर्मया २०). दोष नसताना सगळं गमावून बसलेला इय्योब आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो आणि पुढे अध्यायच्या अध्याय देवाकडे जाब मागतो. स्तोत्रसंहितेत तर विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. यातली बहुतेक स्तोत्रं तक्रारीने सुरू होऊन कुठेतरी आशेकडे वळतात. पण ८८वं स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच थांबतं, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच "अंधार" आहे. हे स्तोत्र संग्रहातून गाळता आलं असतं, निदान शेवटी एखादी गोड ओळ जोडता आली असती. कोणी तसं केलं नाही. ते उपासनेसाठी, सगळ्यांनी मिळून म्हणायला ठेवलं गेलं.

विलापगीत हे पुस्तक त्याहून विलक्षण आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम आणि तिथलं मंदिर जाळलं, त्यावरचा हा शोक आहे. पाच अध्याय आहेत, आणि पहिले चार हिब्रूतल्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचले आहेत. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर अ पासून ज्ञ पर्यंत, एकही अक्षर न गाळता रडायचं. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन वचनं, म्हणजे ६६ वचनं. दुःखाला आकार नसतो, कवीने तो हट्टाने दिला. पाचव्या अध्यायात वचनं २२च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटला आहे. जणू रडून रडून दमल्यावर तेवढीही शिस्त राहिली नाही. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन या पुस्तकाच्या मधोमध आहे, शेवटी नाही. शेवट होतो तो एका शंकेवर: तू आम्हाला कायमचं टाकलंस का?

खुद्द येशूने वधस्तंभावर २२व्या स्तोत्राची पहिली ओळ मोठ्याने म्हटली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" (मार्क १५:३४).

तेव्हा रागवा. तोंडावर भांडणं वेगळं आणि अबोला धरणं वेगळं, हे घरातल्या नात्यांवरून आपल्याला ठाऊक असतं. भांडणात समोरचा आहे हे तरी धरलेलं असतं.

ही वेळ माझ्या पापामुळे आली का?

येशूला हाच प्रश्न विचारला गेला होता. जन्मांध माणूस दिसला आणि शिष्य म्हणाले, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं (योहान ९). दुसऱ्या एका प्रसंगी शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं दगावल्याचा विषय निघाला. ती माणसं यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं त्याने स्पष्ट सांगितलं (लूक १३).

आपल्या करणीची फळं आपल्याला भोगावी लागतात हेही बायबल लपवत नाही. पण तशी चूक असेल तर ती सहसा आपल्याला नेमकी माहीत असते. ती कबूल करावी, ज्याचं नुकसान केलं त्याला भरून द्यावं आणि मोकळं व्हावं. रात्री दोन वाजता जुन्या आयुष्याची झडती घेत "कशाची शिक्षा असेल" हे शोधत बसणं वेगळं. बायबल तुम्हाला त्या कामाला लावत नाही.

"देव झेपेल तेवढंच देतो." हे वचन कुठे आहे?

कुठेही नाही.

लोकांच्या डोळ्यांसमोर असतं ते करिंथकरांस पहिल्या पत्रातलं १०:१३. तिथे पौल, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित, परीक्षेबद्दल, मोहात पडण्याबद्दल बोलतो आहे. मागची वचनं वाचा, रानात मूर्तिपूजेकडे वळलेल्या इस्राएल लोकांचा दाखला चालू आहे. मोह आला तर निभावून जाण्याची वाटही देव देतो, एवढं ते वचन सांगतं. मुलाच्या आजारपणाबद्दल किंवा डोक्यावरच्या कर्जाबद्दल ते काही म्हणत नाही.

आणि तोच पौल त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला सांगतो की आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याचीही आशा राहिली नाही (२ करिंथ १:८). झेपण्यापलीकडचं होतं, असं प्रेषितच म्हणतो. पुढे तो म्हणतो की स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला आम्ही त्यातून शिकलो.

माझं स्पष्ट मत: खचलेल्या माणसाला हे झेपण्याचं वाक्य ऐकवणं क्रूरपणा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, मला झेपत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय.

यिर्मया २९:११ माझं आवडतं वचन आहे. पण वर्षं गेली, परिस्थिती तशीच आहे.

"तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत" हे ते वचन. कपांवर, दिनदर्शिकांवर, वाढदिवसाच्या कार्डांवर, सगळीकडे भेटतं. ते कोणाला आणि कशावर लिहिलं होतं हे मात्र कार्डावर मावत नाही.

ते एका पत्रातलं वाक्य आहे. यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलमधल्या बंदिवानांना ते पत्र पाठवलं. ही माणसं देशोधडीला लागलेली आणि घरी कधी जाणार हा एकच विषय त्यांच्या डोक्यात. त्या सुमारास हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल (अध्याय २८). लोकांना तो आवडला असणारच. यिर्मयाने लिहिलं, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे बाबेलमध्येच मिटणार होते.

आणि संकल्पांचं ते गोड वाक्य येण्याआधी पत्रात कामांची यादी आहे: घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हाला पकडून नेलं आहे, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी!

या वचनाचा आधार असा आहे. लवकर सुटका होईल हे ते सांगतच नाही. सुटका लांब आहे, तोवर जगणं थांबवू नका, आणि त्या लांबलेल्या काळातही देवाच्या मनात तुमचं भलंच आहे, असं ते सांगतं. ज्यांचं दुखणं जुनाट आहे, ज्यांच्या घरात कायम काळजी घ्यावी लागेल असं माणूस आहे, त्यांना हनन्यापेक्षा यिर्मया जास्त उपयोगी पडतो. कार्डाचा मी राग करत नाही. फक्त त्याच्या आधीची सहा-सात वचनंही वाचा.

आणि "मी सर्व काही करू शकतो"? फिलिप्पै ४:१३?

तेही एक वचन मागे जाऊन वाचा. पौल कैदेत आहे. पोट भरलेलं असो की उपाशी असो, दोन्हींत कसं राहायचं ते मी शिकलो, असं तो म्हणतो. "सर्व काही" म्हणजे उपास काढणंसुद्धा. परीक्षेत पहिलं येण्याशी त्याचा फार संबंध नाही.

प्रार्थना करतो आहे, उत्तर येत नाही. माझा विश्वास कमी पडतो का?

गेथशेमाने बागेत येशूने तीनदा प्रार्थना केली की हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण, माझ्यापुढून टळू दे. तो टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. तो काटा नेमका काय होता यावर पंडित अजून वाद घालतात, पण तो निघाला नाही हे नक्की. उत्तर आलं ते असं: माझी कृपा तुला पुरे आहे (२ करिंथ १२:९). या दोघांचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कोणी धजेल का?

शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांना राजाने भट्टीची धमकी दिली तेव्हाचं त्यांचं उत्तर मला बायबलमधल्या सगळ्यात धीट वाक्यांपैकी एक वाटतं. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, ते म्हणाले, आणि जरी त्याने सोडवलं नाही, तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही (दानीएल ३). ते "जरी नाही, तरी" महत्त्वाचं. इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासवीरांची यादी आहे. तिच्या पूर्वार्धात लोक सिंहांच्या तोंडातून आणि तलवारीच्या धारेतून वाचतात. ३५व्या वचनात मधेच यादी पालटते आणि पुढच्यांचे हाल होतात, दगडमार होतो, करवतीने कापलं जातं. दोन्ही गटांना विश्वासाबद्दल एकच प्रशस्तिपत्र दिलेलं आहे.

शिवाय विश्वास मोजून मापून द्यावा लागतो असंही नाही. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका (मार्क ९:२४). अर्धा विश्वास, अर्धा अविश्वास, तेवढ्यावर मुलगा बरा झाला.

जाता जाता एक इशारा. बरं करण्याची हमी देणारे, त्यासाठी पैसे घेणारे आणि गुण आला नाही की "तुमचा विश्वास कमी पडला" म्हणून मोकळे होणारे लोक भेटतात. त्यांच्यापासून दूर राहा. औषधं बंद करायला सांगणाऱ्यापासून तर पळच काढा.

प्रार्थनेला बसतो, पण शब्दच सुचत नाहीत.

मग शब्दांशिवाय बसा. आम्हाला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आमच्यासाठी मध्यस्थी करतो, असं पौल लिहितो (रोम ८:२६). कण्हणं ही प्रार्थना आहे. जोरात सोडलेला उसासाही.

तयार शब्द वापरायला लाजू नका. प्रभूची प्रार्थना शिष्यांनी "आम्हाला शिकवा" म्हटल्यावरच मिळाली. आंधळ्या बार्तीमयाची हाक तर एका श्वासात बसते: "येशू, माझ्यावर दया करा." पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांतले साधू अशीच एक छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत शतकानुशतकं म्हणत आले आहेत.

तेही जमत नसेल तर दुसऱ्यांना करू द्या. पक्षाघात झालेल्या माणसाला चार जणांनी छप्पर उकरून येशूपुढे खाली सोडलं, ती गोष्ट आठवते? मार्क लिहितो की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. खाटेवरच्याचा किती होता याची चौकशी तिथे झाली नाही.

जगावंसंच वाटत नाही. विश्वासी माणसाला असं वाटू शकतं का?

आधी हे: असे विचार येत असतील तर आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच, एका माणसाला सांगा. घरातल्या कोणाला, मित्राला, पाळकांना किंवा फादरना, डॉक्टरांना. जीव द्यायचे विचार पक्के होत असतील तर एकटे राहू नका. तुमच्या भागातल्या तातडीच्या मदतीच्या नंबरावर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. हे करणं विश्वासाच्या विरुद्ध नाही.

आणि हो, विश्वासी माणसाला असं वाटू शकतं. एलीया संदेष्ट्याला वाटलं. कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झाला आणि लगेच पुढच्या अध्यायात तो जीव घेऊन रानात पळाला. एका झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं परमेश्वरा, माझा प्राण घे (१ राजे १९). मग झोपला. यावर देवाने काय केलं ते नीट पाहा, कारण ते बहुतेक उपदेशकांना सुचत नाही. त्याने एलीयाला खडसावलं नाही, वचन ऐकवलं नाही, "इतकं पाहिलंस तरी विश्वास नाही?" असं विचारलं नाही. देवदूत आला, त्याला हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. एलीयाने खाल्लं आणि परत झोपला. देवदूताने त्याला झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं आणि कारण सांगितलं: पुढची वाट तुला झेपायची नाही. देवाशी बोलणं, ती मंद वाणी, हे सगळं पुढे, चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर घडतं. अन्न आणि झोप आधी.

मग डॉक्टर, गोळ्या, समुपदेशन चालतं?

चालतं. लूक वैद्य होता, पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो (कलस्सै ४:१४), आणि त्याने वैद्यकी सोडावी असं कुठे सांगत नाही. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेगची साथ आली तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर शहर न सोडता आजाऱ्यांत राहिला. त्या काळात लिहिलेल्या एका जाहीर पत्रात त्याने सांगितलं की देवाने रक्षण करावं अशी प्रार्थना मी करीन, आणि मग घरात धुरी देईन, औषध देईन, स्वतःही घेईन आणि गरज नाही तिथे जाणार नाही. औषध न घेता देवावर विसंबणाऱ्यांना त्याने तिथेच फटकारलं आहे. मनाच्या आजाराची गोळी साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीपेक्षा वेगळी मानायचं कारण नाही.

काहीच जाणवत नाही. प्रार्थना भिंतीशी बोलल्यासारखी वाटते.

मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झालं. मरणाऱ्यांची सेवा करणारी ही बाई आयुष्याचा मोठा भाग, जवळजवळ अर्धं शतक, आतून असाच कोरडेपणा सोसत होती. पहाटेची प्रार्थना आणि दिवसाचं काम दोन्ही चालू राहिलं.

इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) या संताचा एक साधा नियम या काळासाठी फार कामाचा आहे: मन उद्विग्न असताना, उजेडात घेतलेले निर्णय बदलू नका. म्हणजे कोरड्या दिवसांत विश्वास सोडायचा की नाही, मंडळी बदलायची की नाही, लग्न मोडायचं की नाही, हे ठरवू नका. थोडं कमी वाचा, पण रोज वाचा. (घरात मारहाण होत असेल तर मात्र हा नियम लावू नका. तिथून आधी बाहेर पडा.)

उपासनेला जायला नको वाटतं. सगळे विचारत बसतात.

उशिरा जा, मागे बसा, शेवटच्या गीताला निघा. महिनाभर असं केलं तरी काही बिघडत नाही. फक्त एक माणूस निवडून ठेवा ज्याला खरं उत्तर द्याल.

मित्राच्या घरी मृत्यू झाला आहे. कोणतं वचन सांगू?

बहुतेक वेळा कोणतंच नको. इय्योबाचे तीन मित्र आले, त्याचं दुःख पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, आणि कोणी एक शब्द बोललं नाही (इय्योब २:१३). तेवढं त्यांनी उत्तम केलं. मग त्यांनी तोंड उघडलं. पुढचे तीसेक अध्याय वाचलेत तर आजही सांत्वनाला येणाऱ्यांच्या तोंडी असलेली सगळी वाक्यं तिथे सापडतील: तू काहीतरी केलं असशील, देव न्यायी आहे, पश्चात्ताप कर. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही इय्योबासारखं यथार्थ बोलला नाहीत. भांडणारा इय्योब खरा ठरला, देवाची बाजू घेणारे मित्र खोटे.

येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा आपण काय करणार आहोत हे येशूला माहीत होतं. थोड्या वेळाने लाजर कबरेतून बाहेर येणार होता. तरीही लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून येशू रडला (योहान ११:३५). बायबलमधल्या सगळ्यात लहान वचनांपैकी ते एक, आणि सांत्वनाला जाण्यापूर्वी तेवढं वाचलं तरी चालेल.

रोम ८:२८, सर्व गोष्टी मिळून कल्याणाकरिता होतात, हे वचन खरं आहे असं मीही मानतो. पण ते दुःखातल्या माणसाने स्वतः, आपल्या वेळेला म्हणायचं वचन आहे. दुसऱ्याने तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून सांगायचं नाही. त्याच पत्रात पुढे "रडणाऱ्यांबरोबर रडा" असंही आहे (१२:१५), ते सोपं आहे. जमलं तर त्यांच्या मुलांना शाळेत सोडा, रात्री सोबत झोपा, कागदपत्रांच्या रांगेत उभे राहा. आणि सहा महिन्यांनी, बाकीचे यायचे थांबल्यावर, परत जा.

बायबलमध्ये "भिऊ नको" ३६५ वेळा आहे, दिवसाला एक, हे खरं का?

ऐकायला छान आहे, पण मोजायला बसलं तर आकडा तेवढा भरत नाही. पुष्कळ वेळा आहे, एवढं खरं. आणि बहुतेक वेळा त्या हाकेबरोबर कारणही दिलेलं असतं: "कारण मी तुझ्याबरोबर आहे."

वचनं पाठ करून काही उपयोग होतो का? मुलांसारखं वाटतं.

मलाही वाटायचं. रविवारच्या शाळेत २३वं स्तोत्र पाठ केलं होतं ते बक्षिसाच्या पेन्सिलीसाठी. मग खूप वर्षांनी वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरच्या बाकावर पुस्तक हातात धरवेना, धरलं तर अक्षरं फिरत होती. तेव्हा ते स्तोत्र आपोआप आलं. आणि म्हणता म्हणता एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली, जी पेन्सिलीच्या काळात आली नव्हती. पहिल्या तीन वचनांत कवी देवा*विषयी* बोलतो: तो माझा मेंढपाळ, तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि त्याच वाक्यात "तो" चा "तू" होतो: तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात देव तृतीय पुरुषी असतो. दरीत मात्र इतका जवळ असतो की त्याच्याशीच बोलावं लागतं. सहा वचनांचं स्तोत्र, चाळीस वर्षं तोंडपाठ, आणि हे कळायला तो बाक लागला.

येशूनेही शेवटच्या घटकेला जे म्हटलं ते लहानपणापासून पाठ असलेलंच असावं. "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो" हे ३१व्या स्तोत्रातलं आहे.

तेव्हा पाठ करा. चांगल्या दिवसांत करा, सोपं जातं. महिन्याला एक लहान स्तोत्र पुरे. वर दिलेलं १२१वं आठच वचनांचं आहे.

कोणतं मराठी भाषांतर घ्यावं?

वाचताना अडखळायला होणार नाही ते. पाठांतरासाठी जुनं, पल्लेदार भाषेतलं बरं पडतं, कारण त्याला लय आहे. पौलाची पत्रं मात्र सोप्या भाषेतल्या नव्या भाषांतरात वाचा, त्याची वाक्यं मुळातच लांब असतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर फारच छान.

मराठीत एका भाषांतरामागची गोष्ट मला या विषयाशी जोडलेली वाटते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायचं काम हाती घेतलं. दुष्काळात आईवडील, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा, हे सगळे तरुणपणीच गेलेले. उतारवयात, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. भाषांतराचं काम बाकी होतं. रमाबाई पुन्हा टेबलाशी बसल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यातच होत्या.